आबांचा राब
उन्हाळ्यात मावळात राब भाजायला लागले, भाताच्या रोपांसाठी शेण-पाला पसरून जमीन पेटवली, की त्या धुरानं मला माझे वडील आठवतात. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आई गेल्यावर आबा टाकव्याला एकटे पडले होते आणि माझ्या लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्यांचा जीव गुदमरायचा, म्हणून मी त्यांना वृद्धाश्रम दाखवायला नेलं. लोणावळ्यातला पहिला मला फार आवडला. लोखंडी खाटा, पांढऱ्या चादरी, लख्ख फरशी. आबा खाटेवर टेकलेसुद्धा नाहीत. सरळ मागच्या दारी जाऊन आले आणि म्हणाले, "मागं समदी फरशीच हाय. चल." मळवलीचा दुसरा जुना, कौलारू, भिंतींना ओल आलेला, पण त्याच्या मागं एक भातखाचर ओसाड पडलं होतं. आबांनी उकिडवं बसून तिथली माती मुठीत चुरगळली. "हितं ऱ्हातो मी." राहायला जायच्या दिवशी मी ट्रंक आणि वळकटी घेतली, आबांनी गोवऱ्यांचं पोतं आणि बियाण्याचं बोचकं. आबांनी मागच्या खाचरात गोवऱ्या पसरल्या, तसे व्यवस्थापक धावत आले, "आबा, इथं आराम करायचा, धूर कसला करताय?" "तुमी करा की आराम," म्हणत आबांनी काडी ओढली. आषाढात मी रजा टाकून भेटायला गेलो, तर आबा आश्रमातल्या दोघा-तिघा म्हाताऱ्यांसोबत चिखलात वाकलेले. "लावनी चाललीया," वर न बघताच ते म्हणाले, "दिवाळी झाल्याव ये, तांदूळ घिऊन जा." परवा मुलानं माझ्यासाठी एका वृद्धाश्रमाचे फोटो आणले. खोल्या झकास आहेत. मी म्हटलं, मागची बाजू दाखव.