जाड तार

तो विषय सोड, असं कॉलेजात प्रत्येकानं सांगून पाहिलं, आणि दर वेळी माझा हट्ट वाढला. नव्वदच्या दशकातलं सुरत. एम.ई.च्या प्रबंधासाठी मी ठरवलं होतं, शॉर्टसर्किट झाल्यावर उसळणारा वीजप्रवाह सुपरकंडक्टरनं रोखायचा. मार्गदर्शक सर हसले. "बेन, आपणे त्यां लाइट टकती नथी, ने तमारे सुपरकंडक्टर जोइए." म्हणजे इथं साधी वीज टिकत नाही, आणि मला हे हवं. रिलेसारख्या जुन्या विषयावर काहीतरी लिही आणि मोकळी हो, प्रयोग फसला तर वर्ष जाईल, असंही त्यांनी बजावलं. गेलं तर माझं जाईल, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, कामाला होते. तिथली रीत अशी, की फ्यूज उडाला की त्या जागी तांब्याची जाड तार पिळायची. मग उडायची भीती नाही, माग थांबायला नको. शेठही खूश, कारागीरही खूश. एका दुपारी मोटर शॉर्ट झाली. जाड तार शाबूत राहिली आणि सगळा बोर्ड आबांच्या उजव्या हातावर फुटला. चूक कारागिराचीच, असं शेठनं सांगून टाकलं. त्याचा मला अजून राग येतो.

सुपरकंडक्टर थंड असेपर्यंत प्रवाहाला मुळीच अडवत नाही. प्रवाह हाताबाहेर गेला की स्वतःच आडवा येतो, आणि गार झाला की पुन्हा वाट मोकळी करतो. फ्यूजसारखं बदलत बसायला नको. सुरतेतल्याच डिंडोलीच्या आमच्या घरी हे समजावलं तेव्हा आबांनी आमच्या खानदेशी बोलीत एवढंच विचारलं, "मंग यामा जाड तार कोठे टाकतस?"

"कोठेच नही, आबा."

थंड करायला द्रव नायट्रोजन हवा होता. तो मिळाला गायींच्या कृत्रिम रेतन केंद्रात, तिथं वळूचं वीर्य त्यात गोठवून ठेवतात. कॉलेजभर माझी टिंगल झाली. खुशाल करा म्हटलं. ते जड भांडं रिक्षातून आणताना आबा सोबत यायचे, डाव्या हातानं धरून बसायचे.

सुपरकंडक्टरची पहिली पट्टी घाईघाईनं गार केली आणि कपाच्या कानासारखी तडकली. दुसरी एकच उरली होती. ती मी परीक्षकांसमोर हळूहळू नायट्रोजनमध्ये सोडली. पट्टीतून बॅटरी जोडली, बल्ब लागला. मग मुद्दाम बल्बच्या दोन टोकांना तार टेकवून शॉर्ट केलं. ठिणगी उडाली. ॲमीटरचा काटा उसळला आणि लगेच खाली आला. तार काढली, थोड्या वेळानं बल्ब पुन्हा लागला. काहीही जळलं नव्हतं.

"पण सुरतमां आ लागशे क्यारे?" सर म्हणाले.

"लागेल तेव्हा लागेल," मी मराठीतच म्हटलं. परीक्षकांनी सहीसाठी पेन काढलं.

आबा भांड्याजवळ उभे होते. ठिणगी पाहून त्यांनी उजवा हात पाठीमागे नेला होता. आता ते पुढे आले, आणि तोच हात टेबलावर, माझ्या तारेशेजारी ठेवला.

"आखो एकदाव कर," ते म्हणाले.

मी पुन्हा शॉर्ट केलं. त्यांनी हात काढला नाही.