रिव्हॉल्व्हर बाजूला काढायला सांगून गेलेलं गिऱ्हाईक

गेल्या वर्षीची खंडेनवमी, सकाळ. हजर: मी, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले माझे दीर आणि शस्त्रांच्या दुकानाचे मालक.

असल्या गोष्टी मी मानत नव्हते आणि आजही मानत नाही. झालं ते क्रमाने सांगते.

विश्रांतवाडीच्या रो-हाउसमध्ये मी एकटी राहते. हे जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यात कोणीतरी स्वयंपाकघराचं ग्रिल कापायचा प्रयत्न केला. हैदराबादहून मुलाचा फोन — "घर विक, इकडे ये." मी म्हटलं, परवाना काढते. खेटे घालून काढलाही. मग त्याची अट, "हत्यार झेपलं नाही तर मुकाट्याने यायचं." मी कबूल केलं.

सुट्टी बघून खंडेनवमीला दुकानात गेलो, तिथेच चुकलं. सगळी शस्त्रं पाटावर, हळद-कुंकू, झेंडूची फुलं वाहिलेली.

"आज हात लावायचा नाही," मालक म्हणाले.

"मग दुकान उघडं कशाला?"

"बघायला. ते फुकट आहे."

लांबूनच बघितलं. एक चपटं, सुटसुटीत पिस्तूल मला पसंत पडलं. "तेच घ्या वहिनी, गोळ्या जास्त बसतात," भाऊजी म्हणाले. उद्या नेतो सांगून आम्ही निघालो.

दसऱ्याला मालकांनी माझ्यापुढे रिव्हॉल्व्हर ठेवलं.

"हे नाही हो, ते चपटं."

"काल तुम्ही गेल्यावर तुमचे मिस्टर येऊन गेले ना! म्हणाले, तिचं उजवं मनगट अधू आहे, पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचायला जमणार नाही. रिव्हॉल्व्हर काढून ठेवा."



त्या उन्हाळ्यात मी बाथरूममध्ये पडले होते. मनगटाचं डॉक्टर सोडून कोणाला माहीत नव्हतं... मुलाला कळलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी सामानाला ट्रक पाठवला असता. भाऊजींनाही सांगितलं नव्हतं.

मी हट्टाने आधी पिस्तूल मागितलं. वरचा भाग खेचला. तसूभरही हलला नाही. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप मात्र ओढता आला.

मोबाइलवरचा यांचा फोटो दाखवला.

"हेच. फक्त चष्मा नव्हता."

चष्मा माझ्या कपाटात आहे.

"बरं, काडतुसं?" मी विचारलं.

"ती स्वतः येऊन नेतो म्हणालेत."

लग्न झाल्यापासून कुठल्याही खरेदीला हे दुकानाबाहेर उभे राहायचे. साडी असो की फ्रिज, "तुला हवं ते घे." आणि आता आत शिरून माझी पसंती बदलतात? खुलासा माझ्याकडे नाही. पण खुलासा नाही म्हणून मी घर सोडेन असं कोणी समजू नये. मुलालाही तसंच कळवलंय.

रिव्हॉल्व्हर कुलपात आहे, रिकामं. परवाना माझ्या नावावर, तेव्हा काडतुसं मलाच आणावी लागणार, हे मला कळतं. अजून आणलेली नाहीत. कोणाची वाट बघत नाहीये... जाणं झालं नाही, एवढंच.