रिबकेची दाई

बयाबाई लोंढे चाळीस वर्षं कोल्हापुरातल्या एका इस्पितळात आया होती. बाळंतिणींना न्हाऊ घालणं, आजाऱ्यांच्या अंगाखालचं काढणं, मेलेल्यांना शेवटचं पुसून घेणं, सगळं तिच्या हातून झालेलं. नोकरी संपल्यावर ती चर्चमागच्या खोलीत राहायला आली आणि तिथली झाडलोट बघू लागली. अक्षरओळख तिला साठीनंतर झाली. त्यामुळे बायबल वाचायची रीत नवशिक्याचीच राहिली. ओळीखाली बोट धरायचं, मोठ्यानं वाचायचं आणि एक शब्द गाळायचा नाही.

चर्चचे पाळकसाहेब हसून म्हणायचे, "बयाबाई, त्या वंशावळ्या सोडा की. स्तोत्रं वाचा, मनाला बरं वाटेल."

"ज्यानं लिवलंय त्यानं सोडल्या न्हाईत, मग म्या कशाला सोडू?" ती म्हणायची.

तिची एकच जिवाभावाची मैत्रीण, अंबूबाई. डॉक्टर सातपुत्यांची नवी सून पेठ वडगावहून कोल्हापुरात नांदायला आली, तेव्हा सोळा वर्षांची अंबू तिच्याबरोबर हाताखाली म्हणून आली आणि परत गेलीच नाही. लग्न केलं नाही. त्या सुनेची, म्हणजे बाईसाहेबांची, दोन्ही मुलं, विनय आणि प्रियदर्शनी, तिच्याच कडेवर वाढली आणि तिला आक्का म्हणायची. विनयला टायफॉइड झाला तेव्हा इस्पितळात ती तीन आठवडे त्याच्या उशाशी बसून होती. बयाबाईची आणि तिची ओळख तिथलीच. पुढं बाईसाहेबांचं सगळं दुखणंही अंबूनंच काढलं. जाण्याआधी बाईसाहेब म्हणाल्या होत्या, "अंबू, माझ्या पायथ्याशी तुझी जागा." कबरीच्या कठड्यात तेवढी जागा मोकळी सोडलेलीही होती.

गेल्या वर्षी अंबूबाई पडली आणि तिचा खुबा मोडला. आता स्वतः डॉक्टर झालेल्या विनयनं तिला वडगाव रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. "दोनच महिने," तो म्हणाला. त्याला चौदा महिने झाले.

बयाबाई दर गुरुवारी एसटीनं तिच्याकडे जायची. पाठीला जखमा झाल्यात का बघायची, केस विंचरायची आणि मग पिशवीतलं बायबल काढून मागच्या खेपेला थांबली होती तिथून वाचायला लागायची. एका गुरुवारी उत्पत्तीच्या पुस्तकात ती एका लहानशा ओळीपाशी आली. याकोब बायकापोरं घेऊन वाटेत असताना त्याची आई रिबका हिची म्हातारी दाई दबोरा मेली. तिला एका झाडाखाली पुरलं आणि त्या झाडाला रडण्याचं झाड असं नाव पडलं. बस, एवढंच. पुढच्या ओळीत देव याकोबाशी बोलायला लागलेला.

"थांब," अंबूबाई उशीवरून म्हणाली. "परत वाच."

बयाबाईनं परत वाचलं.

"रिबका कवा मेली गं?"

बयाबाईनं पुढची पानं उलटली, मागची उलटली. तास गेला. "तिला कुठं पुरलं ते लई पुढं एका ओळीत हाय. पण कवा मेली, कशी मेली, ते न्हाय लिवलेलं."

"मालकिणीचं न्हाय नि दाईचं हाय?"

"व्हय की." बयाबाई आता रिबकेच्या लग्नापर्यंत मागं गेली होती. "हितं बघ, रिबका सासरी निघाली तवा दाई संगट दिली. पर हितं नुसती दाई. नाव न्हाय. मेल्यावरच नाव आलंय."

अंबूबाईनं छताकडे बघत विचारलं, "कोण रडलं ते लिवलंय?"

"न्हाय."

"झाडाला नाव पडलं म्हंजे लई रडली आसतील." मग ती दाराकडे बघून म्हणाली, "विनयबाळाला सांग म्हणावं, एकदा येऊन जा."

बयाबाईनं फोन केला. विनय म्हणाला, "मावशी, या आठवड्यात ऑपरेशनं आहेत, पुढच्या आठवड्यात नक्की." पुढच्या आठवड्यातही तो तेच म्हणाला. तिसऱ्या सोमवारी सकाळी अंबूबाई गेली. तेव्हा खोलीत कुणीच नव्हतं. चहा द्यायला आलेल्या बाईला ते कळलं.

दफनाला विनय आला. प्रियदर्शनी पुण्याहून निघू शकली नाही. पाळकसाहेब, बयाबाई, खड्डा खणणारे दोघं आणि विनय, एवढीच माणसं. खड्डा खणला होता तो बाईसाहेबांच्या कठड्यात नव्हे, तर पार भिंतीकडच्या कोपऱ्यात. तिथं बेवारस आणि परगावचे लोक पुरतात आणि काही वर्षांनी त्याच मातीत दुसरे येतात.

बयाबाईनं पिशवीतून बायबल काढलं आणि दबोराच्या ओळीवर बोट ठेवून विनयच्या पुढं धरलं. "विनयबाबा, हे वाचा. तुमच्या आईनं तिला पायथ्याशी जागा देईन म्हटलंतं."

त्यानं उभ्याउभ्या वाचलं. पुन्हा वाचलं. "लहानपणापासून ऐकतोय मी हे पुस्तक. ही ओळ कधी लक्षातच आली नाही," तो म्हणाला. बयाबाईला वाटलं, आता हा माणूस वळेल. पण त्यानं पुस्तक मिटून परत दिलं. "घरात सगळ्यांना विचारावं लागेल, मावशी. आता तेवढा वेळ कुठंय? खड्डाही तयार आहे."

प्रार्थना झाली, माती पडली. मग पाळकसाहेबांनी दफनाची वही उघडली. "अंबूबाई... वडिलांचं नाव? आडनाव?"

विनयला माहीत नव्हतं. त्यानं बयाबाईकडे पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं. तीस वर्षं ती तिच्या ताटात जेवली होती, तिची वेणी घातली होती. आडनाव तिनं कधी विचारलंच नव्हतं. सगळा राग विनयवर काढायला ती सकाळपासून थांबली होती. तो राग आता तिच्याच अंगावर आला.

"मृताशी नातं?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

"काही नाही," विनय म्हणाला आणि सही करून गाडीकडे गेला.

बयाबाई मातीपाशी बसली. रडावं असं तिला फार वाटत होतं. पण इतकी मढी बघून झालेल्या तिच्या डोळ्यांना पाणी येईना. शेवटी गुडघे धरून ती उठली.

चर्चमधल्या महिलांच्या सभेत तिनं दाईची ती ओळ वाचायची परवानगी मागितली. दोन मिनिटं मिळाली. तिनं वाचली आणि म्हणाली, "बायांनो, आपल्या घरात जी राबती, तिचं पुरं नाव आज घरी जाऊन इचारा. मी इचारलं न्हवतं." बायकांनी माना हलवल्या. मग सहलीचा विषय निघाला.

पावसाळा सरल्यावर प्रियदर्शनी आली. हातात पांढरी शेवंती होती. बयाबाई तिला कोपऱ्याकडे घेऊन गेली आणि जागच्या जागी उभी राहिली. पावसानं उंचवटे खचले होते, गवत कमरेएवढं वाढलं होतं आणि मधल्या काळात तिथं आणखी तिघांना पुरलं होतं. लाकडी क्रूस लावायचा राहूनच गेला होता.

"कुठली, मावशी?"

बयाबाईनं गवत बाजूला केलं, पायानं माती चाचपली. भिंतीपासून तिसरी की चौथी, तिला आठवेना. प्रियदर्शनी वाट बघत होती.

"ही," बयाबाईनं एका उंचवट्याकडे बोट केलं.

प्रियदर्शनीनं फुलं ठेवली, चप्पल काढून खाली बसली आणि त्या मातीवर हात ठेवून आक्का, आक्का म्हणत राहिली. बयाबाई मागं उभी होती. आपण चुकलो असू, हे तिनं सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.