आईची चाल

नाटकाचं परीक्षण मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वाचलं. अर्धं पान, वर तिचा फोटो. अभिनेत्री म्हणून कौतुक होतंच, पण त्याहून जास्त होतं ते देहबोली दिग्दर्शनाचं, कारण नाटकातल्या सगळ्या हालचाली तिनेच बसवल्या होत्या. अर्धांगवायू झालेली म्हातारी तिने स्वतःच्या शरीरातून शोधून काढली आहे, असं समीक्षकाने लिहिलं होतं. त्या दिवशी मी डबा तसाच घरी नेला.

ती माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. एकांकिका स्पर्धा आम्ही मिळून केल्या. पुढे मी अंधेरीत नोकरीला लागले, तिने नाटक धरून ठेवलं. आईला झटका येऊन उजवी बाजू गेली, तेव्हा ती दर गुरुवारी दुपारी आमच्या जोगेश्वरीच्या घरी येऊ लागली. मी ऑफिसात असायचे. ती आईला खोलीभर चालवायची, बोटं मोकळी करायची, केस विंचरून द्यायची. देवमाणूस आहे, असं मी शेजारीपाजारी सांगत फिरले. आई गुरुवारी सकाळपासूनच दाराकडे बघायची. जड जिभेने तिला 'चेडवा' म्हणायची. आमच्या मालवणीत लेकीला म्हणतात तसं.

मग एकाएकी तिचं येणं थांबलं. तालमी आहेत, म्हणाली. काही महिन्यांनी बोरिवलीच्या प्रयोगाचे दोन पास पाठवले. झटक्यानंतर आई प्रथमच घराबाहेर पडणार होती. तिने ठेवणीतली साडी काढायला लावली.

पडदा उघडला आणि रंगमंचावर मैत्रीण आली. उजवा पाय बाहेरून गोल फिरवत, मेलेला हात डाव्या हाताने पोटाशी धरून. पदर दातात पकडून निऱ्या खोचायची धडपड. ओठांतून ओघळलेली लाळ खांद्याला पुसणं. शब्द अडला की मांडीवर दोनदा थाप मारणं. ते तर माझ्याशिवाय कुणाला माहीतही नव्हतं. नाट्यगृह चिडीचूप. मला आईकडे बघायचं धाडस होईना.

मध्यंतरात दिवे लागले तेव्हा आईने विचारलं, "मी अशी चलतंय गो?"

मी तिला धरून उठवलं. आम्ही तिथूनच टॅक्सी केली.

परीक्षण वाचल्यावर मी तिला फोन लावला.

"काकींना घेऊन येशील असं खरंच वाटलं नव्हतं गं," ती म्हणाली.

"आधी विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर त्या अवघडल्या असत्या. तशा चालल्याच नसत्या ना."

तिने हे अगदी सहज सांगितलं. म्हणजे पहिल्या गुरुवारपासूनच? हे मात्र मी विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही.

चीड याचीही येते की समीक्षकाचं बाकी काहीच खोटं नव्हतं. काम अप्रतिमच होतं. दुसऱ्या कुणाच्या आईवर बेतलेलं असतं, तर मीच उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

घरी आईचं चालणं बंद झालं. शेजारीण आली की ती खुर्चीतून हलायची नाही. व्यायाम करून घ्यायला बाई यायच्या, त्यांना दार लावायला सांगायची, खिडकीचा पडदाही ओढायला सांगायची. पूर्वी जिन्यापर्यंत जायची, तेही सुटलं.

महिन्याभराने मैत्रीण पेढे घेऊन आली, नाटकाला बक्षीस मिळालं म्हणून. खाली वाकून आईच्या पाया पडली. आईने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला, पण 'चेडवा' म्हणाली नाही. ती तासभर बसली. तेवढ्यात आईला बाथरूमला जायचं होतं. तिची चुळबुळ मला दिसत होती. मी हात पुढे केला तर आईने मान हलवली. मैत्रीण मला म्हणाली, "मी नेऊ का काकींना? मला सवय आहे."

"नको," आई म्हणाली. झटक्यानंतर इतका स्पष्ट शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

ती गेली. मी दार लावून वळले, तोवर उशीर झाला होता. आई ओल्या साडीत तशीच ताठ बसून होती.