सापाची अब्रू

दर्यापूरच्या दवाखान्यात मी सर्पदंशाची पोस्टरं लावत होतो. झेंडूच्या मळ्यातला एक माणूस बायकोला धरून आत आला. "मंडळीले पान लागलं," म्हणाला. परगावच्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखूचं होतं का?"

आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. नाव घेतलं की म्हणे जनावर घरी येतं. इकडे बाईच्या पापण्या मिटत चालल्या आणि हा गृहस्थ सापाची अब्रू सांभाळत उभा. हवेत बोटानं वळवळ काढून दाखवी, पण ओठ घट्ट.

शेवटी मीच ओरडलो, "अहो, साप चावलाय." मग इंजेक्शन सुरू झालं.

त्यानं मला कोपऱ्यात घेतलं. "भाऊ, एवढ्या बिमार लोकाइत नाव काहून घेतलं?"

दुसऱ्या दिवशी बाईची जीभ मोकळी झाली. मला म्हणाली, "घरी मी साप साप म्हणून राहिली होती, तं यायनं माह्या तोंडावर हात ठेवला."

"दुसरा आला असता तं मंग?" तो पुटपुटला.

"आला असता तं तुमाले चावला असता. मी डॉक्टरले नाव घेऊन सांगतलं असतं."