सोन्याची मुकी गेडी

समोरच्या मुलाने स्क्रीनवर बऱ्याच शर्यती जिंकून सोन्याची गेडी मिळवली. एकदा पाहिली, बॅगेत टाकली आणि पुढची शर्यत जुन्या बांबूच्या गेडीवरच धावला. त्याच्यानंतरच्या मुलीनेही तेच केलं.

मी मागे गप्प उभी होते. याला प्लेटेस्ट म्हणतात. बाहेरच्या मुलांना गेम खेळायला द्यायचा आणि मध्ये न बोलता बघायचं.

ती गेडी माझी डिझाइन होती. चौबे कॉलोनीतल्या या छोट्या गेम स्टुडिओत मी इंटर्न होते, कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू होतं. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. गेममधली बक्षिसं जमली तर नोकरी पक्की, असं प्रणव भैयाने आधीच सांगितलं होतं. भैया म्हणजे आमचा टीम लीड.

गेम गेडीच्या शर्यतीचा होता. छत्तीसगडात हरेलीच्या सणाला मुलं बांबूच्या उंच काठ्यांवर चढून चालतात, त्या काठ्या म्हणजे गेडी. बक्षिसाच्या गेडीने वेग वाढवायचा नाही, हा नियम होता. नाहीतर नवीन खेळाडू कधी जिंकणारच नाही.

भैया म्हणाला, चमक कमी आहे. मी ग्लो वाढवला. पुढच्या टेस्टमध्येही गेडी बॅगेतच गेली. खेळ संपल्यावर मी एका मुलाला विचारलं.

"अच्छी है दीदी," तो म्हणाला. "पर उससे होता क्या है?"

मी तो प्रश्न टेस्टच्या नोंदीत तसाच लिहिला. भैयाने बक्षिसांचा भागच काढायचं ठरवलं.

घरी, गुढियारीला जाताना मला लहानपणची एक हरेली आठवली. बाबांची सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये ड्यूटी होती, म्हणून त्या वर्षी माझी गेडी बाजारातून आणली. छान रंगवलेली. पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, सगळी पोट्टी ती पाहून हसली होती. "बजार के आय का? कोंदी हे." कोंदी म्हणजे मुकी. घरच्या गेडीला पाय ठेवायची खुंटी नारळाच्या दोरीने घट्ट बांधतात, दोरीवर घासलेट सोडून वाळवतात. मग प्रत्येक पावलाला रच-रच वाजतं. गेडीवाला दिसायच्या आधी ऐकू येतो.

माझी सोन्याची गेडी मुकी होती.

दुसऱ्या दिवशी मी भीत भीत भैयाला सांगितलं: बक्षीस म्हणून गेडीला बांधायची साधी दोरी देऊ. प्रत्येक विजयाला तिच्यावर तेलाचा एक थेंब. आवाज वाढत जाईल आणि तो पुढे धावणाऱ्यालाही ऐकू येईल.

"सोनं सोडून दोरी काहून घेईल कोणी?"

"एक टेस्ट करू द्या, भैया. नाही जमलं तर काढून टाका."

तो हो म्हणाला, पण एकच, असं बजावून.

आवाज खरा हवा होता. बाबांच्या सुट्टीच्या दिवशी मी बांबू आणला. माझ्या कामाबद्दल बाबा कधी फारसं विचारत नसत. दोरी हातात घेऊन म्हणाले, "हे ऑफिसचं काम हाय?"

"हव."

"मंग नीट बांधतो." आणि अर्धी बांधलेली दोरी सोडून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून बांधली.

मी गल्लीत गेडीवर चालले, आईने फोनवर रेकॉर्ड केलं.

टेस्टच्या दिवशी भैया माझ्या शेजारी उभा होता. खेळ रंगला आणि हेडफोन लावलेल्या एका मुलाने दचकून मागे पाहिलं. मागे अर्थातच भिंत होती.

"ये आवाज किसकी है? मेरे को भी चाहिए."

शेजारच्याने स्क्रीनवरून नजर काढली नाही. "जीतना पड़ेगा."

त्या दिवशी दोरी कोणीच बॅगेत टाकली नाही.

मुलं गेल्यावर भैया म्हणाला, "ते इंटर्नचं कार्ड जमा करून टाक. तुझं नवीन बनून राहिलं."

बक्षीस दिसायला सुंदर हवं, एवढंच मला आधी वाटायचं. आता माझा पहिला प्रश्न असतो, ते मिळाल्याचं दुसऱ्या कोणाला कळतं का?

सोन्याची गेडी अजून गेममध्ये आहे. ती तिथल्या दुकानात ठेवली आहे. ज्याला हवी त्याने विकत घ्यावी. वाजत मात्र नाही.