करकंबच्या घरचा चहा

मी विशीत होतो तेव्हा आमच्या आळीत माझ्यासारखा वाया गेलेला माणूस दुसरा नव्हता. हे मी म्हणतो. दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला तेव्हाही चालत नव्हतं, आताही चालत नाही.

वडील लवकर गेले. आई गिरणीत सुताच्या कांड्या भरायला जायची, धाकटी बहीण घर सांभाळायची, आणि मी त्याच गिरणीत मागावर होतो. मागावर म्हणजे नावाला. माझा खरा मुक्काम गिरणीच्या फाटकासमोरच्या हॉटेलात. एक चहा, मग पान, मग कुणीतरी गाठ पडायचं म्हणून परत चहा. कितीदा भोंगा होऊन गेल्यावर पळत सुटायचो. धागा तुटलेला कळायचा नाही, कापडात भोक पडायचं, मुकादम पगार कापायचा, आणि त्या रागात मी परत हॉटेलात.

मला माणसात आणलं आमच्या तालमीच्या वस्तादांनी. मी तालमीत जायचो ते कुस्ती बघायला. एक दिवस त्यांनी मानगुटीला धरून लाल मातीत बसवलं आणि म्हणाले, "तुला शाणपण सांगून उपेग न्हाय. नेम देतो. भोंग्याच्या आधी उठायचं. चहा, पान, तंबाखू बंद. आन् तोंडातनं जे निघंल ते करून दावायचं, जमत नसंल तर बोलायचंच न्हाय."

"किती दिवस वस्ताद?"

"दिवस मोजलंस की मेलास. सकाळी उठून म्हणायचं, आज न्हाय. उद्याचं उद्या."

सुरुवातीला चहावाचून डोकं ठणकायचं. हॉटेलासमोरून जाताना मी मान खाली घालून चालायचो. पण 'आज न्हाय' एवढंच म्हणायचं असल्यामुळं ओझं वाटेना. पुढं माझा मीच एक नेम जोडला. माग सुरू व्हायच्या आधी जाऊन फडक्यानं पुसायचा, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला बोट लावून कुठं कुसळ निघालंय का बघायचं. कापड स्वच्छ उतरायला लागलं. मुकादमानं एकाचे दोन माग दिले. आईला गिरणीतून काढून घरी बसवली. माणूस सुधारतो तो मोठ्या गोष्टीनं नाही, रोजच्या बारक्या गोष्टीनं सुधारतो, हे मी वाचून सांगत नाही. दुसऱ्या बुकापलीकडं मी वाचलेलंच नाही. अंगावर घेऊन सांगतो.

पण त्यात एक कीड लागली. लोक मला नेमवाला म्हणायला लागले आणि मला ते आवडायला लागलं. कुणी चहा पुढं केला की मी हात जोडून नको म्हणायचो, आणि ते म्हणताना जो गोडवा जिभेवर यायचा तो चहातसुद्धा नव्हता.

अशात बहिणीचं लग्न काढलं. मामानं करकंबचं एक घर सुचवलं. घरची जमीन, माणसं सरळ. मुलगा एका लग्नात पंगतीला वाढताना बहिणीनं पाहिला होता. म्हाताऱ्या माणसांना तो खाली वाकून, विचारून वाढत होता, असं ती आईला म्हणाली. आणि मग भाकरी थापता थापता म्हणाली, "तितं दिलं तर माजी ना न्हाय." त्या काळात पोरीनं एवढं बोलणं म्हणजे लई झालं. आईनं मला बजावलं, "जा, पर जुळवूनच ये."

सोलापूरहून मी आणि मामा निघालो. कुर्डुवाडीला गाडी बदलली, पुढं बैलगाडी. घरी पोचलो तर ओसरीवर घोंगडी अंथरलेली, मुलाचे वडील, मुलगा, गावातली दोन जाणती माणसं. जरा वेळानं मुलाची आजी ताटलीत कपबशा घेऊन स्वतः बाहेर आली. त्या घरात चहा होत नव्हता. कपबशा शाळेच्या मास्तरांकडून मागून आणलेल्या, बुडाला ओळखीसाठी लाल ठिपका. हे सगळं मला दिसत होतं. न दिसण्याइतका मी आंधळा नव्हतो.

"घ्या पाव्हणं," म्हातारी म्हणाली. "सोलापूरकरांस्नी चहाबिगर जमत न्हाय म्हणं."

"मी घेत न्हाय."

"अवो घ्या की! गूळ न्हाय त्यात, साकर घातलीया."

"नेम हाय माजा."

मामानं खालून माझी मांडी चिमटली. "एक घोट घे रं, ओठाला लाव नुसता."

आणि तिथं माझी जीभ सुटली. त्या ओसरीवर बसून मी चहावर बोलायला लागलो. चहानं माणूस कसा आळशी होतो, गिरणीतली पोरं कशी वाया गेली, मी कसा सुटलो. मुलाच्या वडलांनी तोंडाजवळ नेलेली बशी हळूच खाली ठेवली. मुलानंही ठेवली. मग जाणत्या माणसांनीही.

"मंजी आमी आज वाया गेलो म्हणायचं," वडील म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो.

"मग दूध आणू का?" म्हातारीनं विचारलं.

"दूध मी तालमीनंतरच घेतो."

"पाणी तरी चालतंय न्हवं?"

पाणी मात्र मी प्यालो. म्हातारी भरलेला कप तसाच आत घेऊन गेली.

परतीला कुर्डुवाडी स्टेशनात मामा म्हणाला, "भाचीच्या सोयरिकीचा सवाल व्हता म्हणून मी गप बसलो. न्हायतर तितंच पायताण काढलं असतं."

आठवड्यानं त्याच्याकडूनच निरोप आला. करकंबकर म्हणाले होते, पोरीच्या भावाच्या घशाखाली आमच्या घरचं उतरत न्हाय, पोरीच्या कसं उतरंल?

"मी खोटं वागलो का?" मी आईवर ओरडलो.

"खरं वागून कुणाचं भलं केलंस?" आई म्हणाली. बहीण सुपात ज्वारी पाखडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

मी तडक वस्तादांकडं गेलो. ते तरी शाबास म्हणतील. ते तालमीच्या पायरीवर बसून बशीतला चहा फुंकत होते.

"वस्ताद, तुमी? चहा?"

"दात गेलं. भाकरी कशात बुडवू, मातीत?" मी सगळी हकिकत सांगितली. ते भुरके मारत ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुला चहा सोडायला का सांगितला?"

"मी वाया चाललो व्हतो म्हणून."

"मग त्या म्हातारीनं तुला वाया घालवायला चहा केला व्हता व्हय रं?"

बोलणं वर्मी लागलं. तरी मी लगेच करकंबला गेलो नाही. आज जातो, उद्या जातो, रजा मिळत नाही, दोन माग कुणावर टाकू. खरं म्हणजे ताठा. ज्या तोंडानं भाषण केलं त्याच तोंडानं चहा मागायचा, हे गिळायला मला पंधरवडा लागला.

मग एकटाच गेलो. मुलाचे वडील गोठ्यात होते. हात धुऊन आले, घोंगडी टाकली, पाऊसपाण्याचं विचारलं. म्हातारी दाराशी बसली. तांब्याभर पाणी पुढं आलं. बाकी काही आलं नाही. शेवटी मीच म्हणालो, "आजी, चहा करता का?"

म्हातारीनं लेकाकडं पाहिलं. "आमी करत न्हाय वो. त्या दिशीची पूड ऱ्हायली आसंल चिमूटभर, बघते. पर कपबशी न्हाय, मास्तरची मास्तरला दिली."

पितळी फुलपात्रात गुळाचा चहा आला. बोटं भाजत होती, पण मी खाली ठेवला नाही. तळापर्यंत प्यालो. मग हात जोडले आणि म्हणालो, "माजं चुकलं. पोरीवर राग धरू नका."

वडील म्हणाले, "राग न्हाय. पर तुमी उशीर केला पाव्हणं. परवाच पोराची सुपारी फुटली, शेजारच्या गावात."

"मग चहाच्या आधी का न्हाय सांगितलं?"

"आधी सांगितलं असतं तर तुमी तसंच उठला असता. पाव्हण्यानं तोंडानं मागितलेलं द्यायचं न्हाय व्हय?"

गाडीत बसलो. इतक्या काळानं चहा पोटात गेल्यामुळं छाती धडधडत होती. आता जे लिहितो ते लिहायला सगळ्यात जड जातंय. त्या गाडीत बराच वेळ मला वाईट वाटत होतं ते माझा नेम मोडला याचं. इतकी वर्षं सांभाळलेला, आणि मोडून हाती काय लागलं, असा हिशेब मी करत होतो. बहिणीची आठवण सोलापूर जवळ आल्यावर झाली. मोडलेल्या नेमासाठी मला रडू येत होतं, आणि तिच्यासाठी आलं नव्हतं.

घरी आईनं माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं. ती बोलायला लागली, तशी आतून बहीण म्हणाली, "आई, त्याला आधी जेवू घाल. रातपाळी हाय त्याची." तिनं ताट मांडलं. तिनं चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं.

पुढल्या वर्षी ती माळशिरसला दिली. नवरा वाईट नव्हता. बोलायचा कमी, आणि घरात त्याच्या आईचं चालायचं. ती सुखात होती का, हे मला कधी कळलं नाही. विचारायची माझी हिंमत नव्हती.

आजही मी पहाटे उठतो, गिरणीतला माग सुटला तरी हाताशी येईल ती वस्तू पुसून ठेवतो, आपल्या जिभेसाठी चहा घेत नाही. पण कुणाच्या घरी कुणी हातात दिला तर घेतो. हा नेम वस्तादांनी दिलेला नाही, मला लागलेला आहे, आणि तोच पाळायला सगळ्यात अवघड जातो. अजून हात आखडतो.

एका भाऊबीजेला बहीण आली होती. आई तोवर गेलेली. घरात आम्ही दोघंच. ती ताटात निरांजन लावत होती. मी म्हणालो, "करकंबच्या त्या वेळंला मी..."

"दादा," ती म्हणाली, "वारं सुटलंय, दिवा जाईल. टोपी घाल आन् पाटावर बस बघू."

मी टोपी घातली आणि बसलो.